रिझल्ट अडकलाय, पण तू काहून अडकून राहिला?

पत्राचा सारांश : वय 21. घर भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, धानाची शेती. शिक्षणासाठी नागपुरात, नंदनवनला दोन मित्रांसोबत रूम करून राहतो. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचा शेवटचा पेपर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात झाला, आता जुलै उजाडला तरी निकाल नाही. कॉलेजात विचारलं की दरवेळी 'पुढच्या आठवड्यात'. एमसीएची सीईटी दिली आहे, स्कोअर बरा आहे, पण प्रवेशाला मार्कशीट लागणार. एका रूममेटला पुण्यात जॉब लागला, दुसरा पोलीस भरतीच्या तयारीला गावी गेला, रूमवर आता हा एकटाच. बाबा म्हणतात रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला ये, हा म्हणतो रिझल्ट कधीही लागेल. सक्करदऱ्याच्या एका क्लासमध्ये ऑफिस सांभाळायचं काम मिळत होतं, महिना 9 हजार, त्यालाही याच कारणानं नाही म्हटलं. दिवसभर साईट उघडून बघणं चालू, रात्री 2-2 वाजेपर्यंत झोप नाही. एमसीए नाही झालं तर काय, हा विचार करायचीच भीती वाटते असंही मध्ये एका ओळीत लिहिलंय. शेवट जसाच्या तसा देते : 'ताई, सगळ्यांचं पुढे जाऊन राहिलं, माझंच थांबून आहे. आई म्हणते धीर धर, मित्र म्हणतात चिल कर. माझ्यात पेशन्सच नाही बहुतेक. कसा शिकायचा ते सांगा.'

अरे मित्रा,

ज्या पोरानं मिळत असलेलं काम सोडून, गावी न जाता, नागपूरच्या नवतप्याच्या उन्हातही रूमवर एकट्यानं बसून जवळपास दोन महिने निकालाची वाट पाहिली त्याच्यात पेशन्स नाही असं कोण म्हणेल? मला तर वाटते तुझ्यात तो जरा जास्तच आहे. तू म्हणशील ताई मस्करी करून राहिल्या. नाही रे, सिरियसली म्हणते. तू वाट बघण्यात कमी पडला नाहीस, तू निकालासोबत बाकीचं सगळं पण थांबवून ठेवलं, ज्याला थांबायची काही गरजच नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे, आता सविस्तर सांगते, पत्र लांब होईल, चहा घेऊन बस.

आधी त्या 'माझ्यात पेशन्सच नाही'चं बघू, कारण हे वाक्य तू स्वतःला कोणीतरी सर्टिफिकेट दिल्यासारखं चिकटवून घेतलंय. तुझ्या इन्स्टावर ती रील आली असेलच, लहान पोरांसमोर एक मऊ गोड गोळी ठेवतात, मार्शमॅलो म्हणतात तिला, आणि सांगतात आता खाशील तर एकच, थोडा वेळ थांबशील तर दोन, आणि मग खाली मोठ्या अक्षरात येते की जी पोरं थांबली ती आयुष्यात यशस्वी झाली. प्रयोग खरा आहे, वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला, पन्नासेक वर्षं होऊन गेली त्याला. पण रील तिथंच संपते ना. 2018 मध्ये बऱ्याच जास्त पोरांवर तो परत तपासला तेव्हा दिसलं की घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशोबात धरलं की त्या थांबण्याचं आणि पुढच्या यशाचं नातं पार पातळ होऊन जाते.

आणि माझ्या आवडीचा प्रयोग तर वेगळाच आहे. 2013 मध्ये छापून आला, अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठाचा. त्यांनी पोरांना आधी चित्र काढायला बसवलं आणि एका मोठ्या माणसानं सांगितलं की थांब, तुझ्यासाठी याच्याहून भारी सामान घेऊन येतो. अर्ध्या पोरांना त्यानं खरंच आणून दिलं. अर्ध्यांना येऊन म्हटला सॉरी, नाहीच आहे. त्याच्यानंतर ती गोळी समोर ठेवली. ज्यांना सामान मिळालं होतं ती पोरं सरासरी 12 मिनिटं थांबली, ज्यांना टोपी घातली होती ती 3 मिनिटं. म्हणजे पोरं बिनडोक नव्हती, मागच्या वेळी काय झालं ते बघूनच ठरवत होती की या माणसासाठी थांबायचं का नाही.

आता तुझं बघ. मेपासून तुला 'पुढच्या आठवड्यात' ऐकवून राहिले. तीन-चारदा तसं झाल्यावर माणसाचा जीव कासावीस होणारच, त्यात स्वभावाचा काय दोष? घरून आई धीर धर म्हणते ती मायेनं म्हणते, तिला दुसरं काय म्हणता येणार, पण तारीख न सांगणाऱ्यांनी धीर धरा म्हणायचं आणि वाट बघणाऱ्यानं स्वतःलाच उतावळा म्हणवून घ्यायचं, हे मला काही पटत नाही.

बरं, उतावळेपणाचाच विषय निघालाय तर एक गोष्ट माहीत असू दे, तुझ्यासारख्या हजारो पोरांना ती माहीत नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये निकालाची मुदत लिहिलेली आहे. परीक्षेच्या शेवटच्या तारखेपासून 30 दिवसांत निकाल लावायचा विद्यापीठानं प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी 45 दिवसांत लावायचाच. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून मोज, जून संपायच्या आतच 45 दिवस उलटले. म्हणजे तू जाऊन विचारणं हा तुझा हक्क आहे, त्याला पेशन्स कमी असणं म्हणत नाही. त्यासाठी रोज खिडकीवर जाऊन 'सर कधी लागेल' असं तोंडी विचारण्यात काही अर्थ नाही, तोंडी प्रश्नाला तोंडीच उत्तर मिळते. तुम्ही वर्गातली आठ-दहा पोरं-पोरी मिळून एका पानाचा अर्ज लिहा, शेवटच्या पेपरची तारीख टाका, पुढच्या प्रवेशाची शेवटची तारीख टाका, प्रिन्सिपलमार्फत परीक्षा विभागाला द्या आणि पोच घ्या, पोचेवर शिक्का आणि तारीख पाहिजे. त्याच वेळी हेही विचारून घ्या की दुसरीकडे प्रवेश अडत असेल तर त्या कॉलेजला गोपनीय निकाल कळवायची सोय आहे का. असली तर तुमचं काम झालं, नसली तर विचारण्यात काही गेलं नाही. पण हे काम एका दिवसाचं आहे हं. अर्ज दिला, पोच घेतली, आठ दिवसांनी एकदा आठवण करून दिली, बस. त्याच्यात महिना घालवायचा नाही.

आता खरी गोष्ट. तुझ्या पूर्ण पत्रात एक वाक्य फिरून फिरून येते, 'रिझल्ट कधीही लागेल'. म्हणून काम घेतलं नाही, म्हणून रोवण्याला गेला नाहीस, नवा रूममेट शोधला नाहीस, आणि मला वाटते म्हणूनच पुस्तकालाही हात लावला नसशील. मी तुला एक साधा प्रश्न विचारते, खरं उत्तर दे. समज आज दुपारी 4 वाजता रिझल्ट लागला. तर 5 वाजेपर्यंत तुला नागपुरातच, त्या रूमवरच बसून असं कोणतं काम करावं लागणार आहे जे पवनीला बसून किंवा क्लासच्या ऑफिसात बसून होत नाही? मार्कशीट मोबाईलवर दिसते. एमसीएच्या कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा फॉर्म ऑनलाईन, कागदपत्रं अपलोड करायची तीही ऑनलाईन, तारखा सीईटी सेलच्या साईटवर आधी जाहीर होतात आणि दर टप्प्याला काही दिवस मिळतात. कॉलेजात प्रत्यक्ष जायची वेळ आली तरी पवनीहून नागपूर किती लांब आहे? सकाळची एसटी पकडली की दुपारच्या आत पोचतोस. म्हणजे 'हजर राहायला पाहिजे' हे तुझ्या मनानं बनवलेलं ड्युटीचं टाईमटेबल आहे, तुला कोणी त्या ड्युटीवर लावलेलं नाही.

आणि साईट सारखी बघायची तर बिलकुलच गरज नाही. तुमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना? रिझल्ट लागला की पाच मिनिटांत तिथं बोंब होते, सगळ्यात आधी त्या पोराची जो तीन वर्षं बॅकबेंचवर बसला आणि पास झाला. पहिल्या तासात तशी पण साईट उघडत नाही, सगळे एकदम तुटून पडतात. तू रात्री 2 वाजता जे रिफ्रेश करून राहिला त्याला मी वाट बघणं म्हणणारच नाही. रात्री 2 वाजता कोणीही बाबू निकाल अपलोड करत नाही रे बाप्पा!

बाबांची रोवण्याची गोष्ट तू पत्रात दोन शब्दांत उडवून लावली, आणि मला तिथंच थांबावंसं वाटलं. धानाच्या शेतकऱ्याच्या घरात वाढलास म्हणून बोलते. पाऊस कधी येणार हे तुझ्या बाबांना कधी कोणी तारीख-वार सांगितलंय का? तरी ते मे महिन्यात हातावर हात ठेवून बसत नाहीत, बांध नीट करतात, बियाणं आणतात, नांगरटी उरकतात, पाण्याचा थोडा अंदाज आला की पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं टाकतात. पण रोवणा मात्र बांधीत पाणी साचल्याशिवाय करत नाहीत, कितीही घाई असली तरी. पावसावर काय अवलंबून आहे आणि काय नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे, त्यामुळे ढगाकडे बघून जीव टांगणीला लागला असेल तरी हात चालू असतात. आणि तुमच्या भागात तर गोसीखुर्द धरण आहे. 1988 मध्ये भूमिपूजन झालं, तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा होता, मग वाढत वाढत 18 हजार कोटींच्या वर गेला, आणि कामं चालूच आहेत. कालव्याचं पाणी येणार येणार म्हणत तिकडच्या एका पूर्ण पिढीचे केस पिकले. त्यांना कोणी पेशन्स शिकवायला पाहिजे का? पण मधल्या काळात ज्यानं विहीर खणली, बोअर मारली त्याचं पीक कालव्याच्या भरवशावर राहिलं नाही, कालवा आला तर चांगलंच झालं म्हणायचं.

तर तू एक कागद घे आणि मधोमध रेघ मार. एका बाजूला ज्या गोष्टी मार्कशीट हातात आल्याशिवाय होऊच शकत नाहीत त्या लिही. माझ्या अंदाजानं दोन किंवा तीनच निघतील. दुसऱ्या बाजूला त्या सगळ्या, ज्या तू निकालाच्या नावावर थांबवून ठेवल्यास. ती बाजू भरून पानामागं जाईल बघ.

उदाहरणार्थ कागदपत्रं. ऐन प्रवेशाच्या वेळी अर्धी पोरं इथंच पडतात. डोमिसाईल आहे का, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का, आरक्षणातून फॉर्म भरणार असशील तर जातीचा दाखला आणि जात वैधता दोन्ही हातात आहेत का, नॉन क्रिमीलेयर लागत असेल तर त्याची मुदत कुठपर्यंत आहे, ईडब्ल्यूएस असेल तर ते प्रमाणपत्र. यातलं एकही विद्यापीठाच्या निकालावर अडलेलं नाही, तहसीलला किंवा सेतू केंद्रात जाऊन करायचं काम आहे आणि जुलैत तिथं किती गर्दी असते ते तुला माहीत आहे. वैधता निघाली नसेल तर भंडाऱ्याच्या जात पडताळणी समितीकडे आजच चौकशी कर, त्याला वेळ लागतो आणि तो वेळ तुझ्यासाठी कोणी थांबवून धरणार नाही. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असशील तर टीसीसोबत मायग्रेशन सर्टिफिकेटही लागेल, त्याची फी आणि पद्धत विचारून ठेव. आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का तेही बघ, शिष्यवृत्तीचे पैसे तिथंच येणार. रोवण्याला गावी गेलास तर ही सगळी तालुक्याची कामं चिखलाच्या पायांनीच होऊन जातील, दोन्ही गोष्टी एकाच फेरीत.

ते 9 हजारांचं काम. मला माहीत आहे की ते तुझं स्वप्न नाही, एमसीए करणाऱ्या पोरानं क्लासच्या फी-पावत्या फाडायच्या म्हणजे कमीपणा वाटू शकते. पण फोन करून बघ, जागा अजून रिकामी असेल तर सरळ सांग, की सर मी प्रवेश होईपर्यंतच आहे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोडीन, पंधरा दिवस आधी कळवीन. लपवून जॉइन नको होऊ, ते बरोबर नाही. ॲडमिशनच्या सीझनमध्ये क्लासवाल्यांना तसा पण दोन-तीन महिन्यांसाठी माणूस लागतोच. नाही म्हटले तर नाही. पण तुझं 'नाही' तू आधीच स्वतःच्या मनात म्हणून टाकलं, त्यांना विचारायची संधीच दिली नाहीस.

आता जरा अवघड गोष्ट बोलते, राग नको मानू. तू एका ओळीत लिहून गेलास की एमसीए नाही झालं तर काय, हा विचार करायचीच भीती वाटते. मला वाटते तुझी रात्रीची झोप रिझल्टपेक्षा या ओळीनं घेतलीये. रिझल्ट लागत नाही तोपर्यंत एक सोय आहे, कोणताच निर्णय घ्यावा लागत नाही. 'लागल्यावर बघू' म्हटलं की फीचं बोलणं टळते, कॉलेज कोणतं ते टळते, आपल्याला खरंच एमसीए करायचंय का मित्रांनी फॉर्म भरला म्हणून भरला हेही टळते. म्हणजे रिझल्टचा उशीर तुला छळतो पण आणि थोडा झाकतो पण. असं होते, भल्याभल्यांचं होते, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत हेच असते, फक्त वाट कशाची ते वेगळं.

म्हणून म्हणते, वाट बघता बघता निर्णय घेऊन टाक. बाबांसोबत बसून पैशाचं बोल, बांधावर बसून बोल, घरात बोलण्यापेक्षा तिथं सोपं जाते. दोन वर्षांची फी, राहणं, जेवण असा रफ हिशोब मांड. सरकारी कॉलेज मिळालं तर काय, खाजगी मिळालं तर काय. महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साईटवर तुझ्या प्रवर्गाला कोणती योजना लागू होते ते वाच. खुल्या प्रवर्गातल्या पोरांसाठीही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे, आणि प्रवेश कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर मिळत नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्यानं लोक घाई करतात, कोणी एजंट म्हणतो सीट भरून जाईल आत्ता 20 हजार टाका, आणि वाट बघून थकलेला माणूस टाकतो. तू नको टाकू. इथं मात्र खरंच थांबायचं.

मग दुसरी चिठ्ठी लिही, की कॅपमध्ये मनासारखं नाही मिळालं तर मी अमुक करीन. एक वर्ष काम करून परत सीईटी, की एम.एस्सी., की सरळ जॉब शोधायचा, बुटीबोरी-हिंगण्यापासून मिहानपर्यंत फ्रेशरला कुठं घेतात ते आताच बघायचं. भीती अशी असते की जोपर्यंत तिच्याकडे बघत नाही तोपर्यंत तिचा आकार कळत नाही. लिहून काढल्यावर तुला कळेल की एमसीए नाही झालं तर वर्ष जरा वाकडं जाईल. एवढंच होईल. वाईट वाटेल, पण दुसऱ्या दिवशी काय करायचं ते माहीत असेल.

'सगळ्यांचं पुढे जाऊन राहिलं' यावर फार बोलत नाही. तुझे सगळे म्हणजे दोन रूममेट, त्यातला एक पोलीस भरतीची जाहिरात कधी निघते याची वाट बघत सकाळी ग्राउंडवर पळून राहिला, आणि पुण्यावाला प्रोबेशन कधी संपते याची. त्याच्या स्टोरीत तो कॅन्टीनचा फोटो टाकेल, पीजीत एका खोलीत किती जण झोपतात तो टाकणार नाही. स्टोरी म्यूट कर, मित्राला फोन कर, दहा मिनिटं बोल. फोनवर माणूस खरं सांगते.

चिंता वाटते म्हणजे मी कच्चा, असं मात्र समजू नको. अमेरिकेत केट स्वीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा विषयच हा आहे, निकालाची वाट बघणारी माणसं. कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेचा निकाल यायला चार महिने लागायचे, तेवढा पूर्ण वेळ त्यांनी त्या पोरांना विचारत नेलं की कसं वाटते, काय करता. मन शांत ठेवायच्या ज्या युक्त्या लोक करतात, म्हणजे मुद्दाम विचारच टाळणं, आधीच वाईटाची तयारी ठेवणं, उगाच पॉझिटिव्ह राहणं, त्यांचा बहुतेकांना काही उपयोग झाला नाही. आणि गंमत अशी की ज्यांना या काळात जास्त त्रास झाला, त्यांनी वाईट निकाल आला तेव्हा तो जास्त नीट पचवला आणि चांगला आला तेव्हा त्यांना आनंदही जास्त झाला. त्यांच्याच पुढच्या कामात दिसलं की वाट बघणं त्यांना सोपं गेलं जे एखाद्या कामात पूर्ण बुडून जात होते, असं काम की ज्यात वेळेचं भान राहत नाही. म्हणून चिल करायचा प्रयत्न सोडून दे, तो मित्रांनी दिलेला सल्ला कोणालाच जमत नाही. काम शोध. तू कॉम्प्युटरवाला आहेस, एमसीएच्या पहिल्या सेमिस्टरला जे लागणार आहे त्यातलं काहीतरी आताच बनवून बघ, क्लासवाल्यांना हजेरीचं एखादं छोटं ॲप बनवून दे, चालेल न चालेल ते नंतर. आणि रोवणा तर आहेच, गुडघाभर चिखलात वाकून उभं राहिलं की फोन काढता येत नाही, यापेक्षा मोठा डिजिटल डिटॉक्स पैसे देऊनही मिळणार नाही.

झोपेचं जरा गंभीरपणे घे. फोन रात्री 11 नंतर दुसऱ्या खोलीत, एकच खोली असेल तर कूलरच्या पलीकडे जिथं उठून जावं लागेल तिथं. दिवसातून दोनदा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी 6 ला, एवढंच साईट बघणं. पंधरा दिवसांनीही झोप आली नाही, जेवण उतरत नसलं, किंवा आपण नसलेलंच बरं असे विचार यायला लागले तर थांबायचं नाही, 14416 वर फोन करायचा, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे वाचणारे सगळेच निकालाची वाट बघणारे नसतील. एमपीएससी करणारे बरेच जण मला लिहितात, नागपुरातल्या अभ्यासिकांमध्ये बसणारे. त्यांची अडचण तुझ्या उलटी आहे. तुझी वाट कधीतरी संपणारच आहे, निकाल लागेल आणि विषय मिटेल. त्यांची आपोआप संपत नाही, वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43, म्हणजे वाट बघायची म्हटली तर माणूस चाळिशीपर्यंत बघू शकते. त्यांना मी पेशन्स ठेवा असं कधीच म्हणत नाही. किती अटेम्प्ट आणि कोणत्या वर्षापर्यंत ते आज लिहा, घरच्या एका माणसाला तो कागद दाखवा, आणि सोबत पोट भरेल असं एक काम ठेवा. आणि ज्या पोरींना ग्रॅज्युएशननंतर 'आता स्थळ येईपर्यंत घरीच राहा' म्हणून बसवून ठेवलंय, त्यांनी तर या वाट बघण्याला आपली वाट समजूच नये, ती दुसऱ्या कोणाची तरी आहे. त्यांना वेगळं पत्र लिहायला पाहिजे, लिहीन.

तुझ्या दोन बारीक गोष्टी राहिल्या. निकाल लागला की मार्क कसेही असोत, त्याच दिवशी पुनर्मूल्यांकन आणि उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीच्या अर्जाची शेवटची तारीख बघून ठेव. मुदत थोड्याच दिवसांची असते आणि आनंदात किंवा दुःखात ती हमखास निघून जाते. एखाद्या विषयात अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसले तर फोटोकॉपी मागव, नुसता अंदाजावर चिडत बसू नको.

आणि रूम. तीन जणांचं भाडं तू एकटा भरत असशील तर घरमालकाशी याच आठवड्यात बोल, गावी जायच्या आधी. नवीन पोरं ॲडमिशनसाठी याच दिवसांत रूम शोधत फिरतात, नंदनवन-सक्करदऱ्याच्या मेसमध्ये एक चिठ्ठी लावलीस तरी कोणीतरी मिळून जाईल, दिवाळीत नाही मिळणार. सामान एका कोपऱ्यात बांधून ठेव आणि चावी घरमालकाच्या हातात देऊन जा.